पोट उघडूनच करून घ्या, ताई

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. पत्र मोठं आहे, थोडं आवरून देते.

«डॉक्टर मॅडम, माझं वय 44. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर संबंध आला की अंगावरून लाल जायला लागलं. पाळी जायची वेळ आली असेल म्हणून दोन-तीन महिने अंगावर काढलं. शेवटी तपासणी केली, तुकडा काढला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, स्क्वॅमस प्रकारचा. एमआरआयमध्ये गाठ 2.6 सेंटिमीटर आहे, आजूबाजूला पसरलेली नाही, ग्रंथी सुजलेल्या नाहीत. स्टेज वन बी टू सांगितली. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात म्हणाले, रोबोने करू, चार-पाच बारीक भोकं पाडायची, तिसऱ्या दिवशी घरी. दुसरे सर्जन वयस्कर आहेत. ते म्हणाले, पोट उघडूनच करणार, आठवडाभर राहावं लागेल. मिस्टर म्हणतात, विज्ञान एवढं पुढे गेलंय आणि आपण जुन्या पद्धतीने पोट फाडून घ्यायचं का? शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढायची त्यांची तयारी आहे. माझ्या नणंदेचं पिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून झालं, ती ठणठणीत आहे. खोटं कशाला सांगू, मला चिरेची भीती वाटते. संसारात पुढे अडचण येईल का हेही कळत नाही. मुलगी बारावीला आहे, 17 वर्षांची. तिला हे होऊ नये म्हणून काय करायचं?»

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. रिपोर्ट तुम्ही लिहिलेत तसेच असतील, तर ऑपरेशन पोट उघडून करून घ्या. वयस्कर सर्जन बरोबर सांगतायत, आणि त्यांच्या सांगण्याचा त्यांच्या वयाशी काही संबंध नाही.

मिस्टरांचं म्हणणं मला समजतं. पित्ताशय, अपेंडिक्स, अंडाशयातली साधी गाठ, सगळं आता दुर्बिणीतून होतं आणि चांगलं होतं. म्हणून भोकं म्हणजे नवं, नवं म्हणजे चांगलं, आणि चीर म्हणजे मागासलेलं, असं आपल्या डोक्यात बसलंय. हायवेवरचे हॉस्पिटलांचे फलकही तेच सांगत असतात. पण तुमच्या आजारात हे गणित उलटं निघालं. ते कसं कळलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे घरी बसून मिस्टरांना वाचून दाखवता येईल.

या कॅन्सरसाठी नुसती पिशवी काढून भागत नाही. पेरूचा किडका भाग काढताना आपण किडीच्या अगदी कडेने सुरी चालवत नाही, थोडा चांगला गरही सोबत घेतो. तसंच इथे पिशवीच्या तोंडाबरोबर दोन्ही बाजूंचा आधाराचा भाग, योनीमार्गाचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढतात. याला रॅडिकल हिस्टरेक्टॉमी म्हणतात. व्हिएन्नाच्या वर्दहाइम यांनी 1898 साली पोटातून ती करायला सुरुवात केली, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं ती मुख्यतः पोट उघडून होत राहिली. 1990च्या दशकात दुर्बीण आली, मग रोबो आला. रक्तस्राव कमी, दवाखान्यातले दिवस कमी, व्रण लहान. आपल्याकडचे सर्जन यात मागे नव्हते. पुण्यातल्या सर्जननी 248 रुग्णांवरचा आपला अनुभव ‘पुणे टेक्निक’ या नावाने 2007 साली प्रसिद्ध केला आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की दुर्बिणीवाल्यांच्या हातात कौशल्य नव्हतं. कौशल्य होतंच. पण दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी करून, पाच वर्षांनी कोण कशी आहे हे मोठ्या प्रमाणावर कुणी तपासलं नव्हतं.

ते काम 2008 साली सुरू झालं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या पेद्रो रामिरेझ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतली 33 केंद्रं त्यात आली. दुर्बीण ओपनपेक्षा कमी पडत नाही हे दाखवायला ही मंडळी निघाली होती. दुर्बिणीची उपकरणं बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीचा पैसाही त्यात होता. 740 बायका घ्यायच्या ठरल्या होत्या. 631 झाल्या आणि 2017 साली देखरेख समितीने भरती थांबवायला लावली, कारण दुर्बिणीच्या गटात आजार उलटण्याचं आणि मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसू लागलं होतं. निकाल 2018च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. दुर्बीण-रोबोच्या गटात 319 बायका होत्या, त्यातल्या 27 जणींचा आजार परतला. ओपनच्या गटातल्या 312 पैकी 7 जणींचा. मृत्यू 19 आणि 3.

पुढे या सगळ्या बायकांचा आणखी काही वर्षं पाठपुरावा करून 2024 साली अंतिम आकडे आले. साडेचार वर्षांनी आजार न परतलेल्या बायका ओपनमध्ये 100 पैकी 96, दुर्बिणीत 85. हयात असलेल्या ओपनमध्ये 96, दुर्बिणीत जेमतेम 91. म्हणजे दुर्बिणीतून झालेल्या बहुतेक बायकाही बऱ्या आहेत. कुणा वाचक ताईचं ऑपरेशन आधीच तसं झालं असेल तर घाबरून जाऊ नका, फक्त ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. पण ज्या स्टेजला जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होऊ शकतात, तिथे शंभरात दहा-अकरा जणींचा आजार उगाच परत येणं ही लहान गोष्ट नव्हे.

तुमच्यासाठी एक तपशील महत्त्वाचा. त्या चाचणीतल्या दहापैकी नऊ बायका जुन्या वर्गवारीतल्या वन बी वन होत्या, म्हणजे गाठ 4 सेंटिमीटरपर्यंत. 2018 साली वर्गवारी बदलली आणि 2 ते 4 सेंटिमीटरच्या गाठीला वन बी टू म्हणू लागले. नाव वेगळं दिसलं तरी तुम्ही त्याच गटातल्या. कुणी म्हणालं की तो अभ्यास वन बी टूचा नव्हताच, तर हे सांगा.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींमधून दुसरा अभ्यास आला, 2,461 बायकांचा. त्यात चार वर्षांत मृत्यू दुर्बिणीच्या गटात 9.1 टक्के आणि ओपनमध्ये 5.3 टक्के. एमडी अँडरसनमध्ये स्वतः दुर्बिणीने ऑपरेशन करणाऱ्या सर्जननीच या कॅन्सरसाठी ती पद्धत थांबवली. आपल्या हातची, आपल्याला आवडणारी पद्धत कागदावर हरली म्हणून बाजूला ठेवायची, याला डॉक्टरच्या अंगात थोडा मोठेपणा लागतो. सगळीकडे तो दिसला असं नाही म्हणता येत.

असं का होत असावं? नक्की एकच कारण कुणी दाखवलेलं नाही, पण ऑपरेशन टेबलावर काय घडतं ते पाहिलं की संशय कुठे जातो ते कळतं. दुर्बिणीत पिशवी हलवायला खालून, योनीमार्गातून एक दांडा घालतात. तो पिशवीच्या तोंडातूनच आत जातो, म्हणजे नेमका गाठीतून. पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवलेलं असतं. शेवटी योनीमार्ग आतूनच गोल कापून पिशवी सुटी करतात, तेव्हा गाठीचं उघडं तोंड त्या वायूने भरलेल्या पोटात येतं. दांड्याने चुरडलेल्या, सुट्या झालेल्या पेशी तिथे सांडायला वाव मिळतो. ओपनमध्ये सर्जन गाठीच्या खाली, चांगल्या भागावर दोन्ही बाजूंनी काटकोनी चिमटे लावतो आणि योनीमार्ग आधी बंद करतो, मग चिमट्यांच्या खालून कापतो. गाठ मिटलेल्या अवस्थेतच बाहेर येते, पोटाला तिचा स्पर्श होत नाही. चाचणीत दुर्बिणीच्या गटातला परतलेला आजार ओटीपोटातच जास्त दिसला, तेही या संशयाशी जुळतं.

इथे रोबोवाले डॉक्टर म्हणतील, आम्ही दांडा वापरत नाही, योनीमार्ग खालून आधी शिवून घेतो. प्रामाणिक उत्तर आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. युरोपातल्या शेकडो रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दांडा वापरलेल्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण ओपनच्या पावणेतीनपट दिसलं, आणि दांडा न वापरलेल्यांमध्ये ओपनइतकंच. पण हा मागे वळून पाहिलेला हिशेब आहे. कुणाला कोणती पद्धत द्यायची हे तिथे डॉक्टरांनी ठरवलं होतं, चिठ्ठीने नाही. सोपी केस दुर्बिणीकडे, अवघड ओपनकडे, असं झालेलं असू शकतं. अशा पुराव्यावर मी माझ्या बहिणीला रोबोखाली झोपवणार नाही. आणि रोबो म्हणजे काही वेगळी जादू नाही, तीही दुर्बीणच, फक्त सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून हात चालवतो. मूळ चाचणीत दुर्बिणीच्या गटातल्या साधारण सहापैकी एकीचं ऑपरेशन रोबोनेच झालं होतं.

गाठ 2 सेंटिमीटरपेक्षा लहान असती, बायोप्सीसाठी शंकूसारखा तुकडा काढून कडा स्वच्छ आल्या असत्या, तर बोलायला जागा होती. युरोपच्या मार्गदर्शक सूचना तिथे अनुभवी केंद्रात, रुग्णाला सगळं समजावून, दुर्बिणीचा विचार करू देतात. शिवाय कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2024 साली आलेल्या 700 बायकांच्या चाचणीत दिसलं की अशा लहान, वरवरच्या गाठीत मोठ्या रॅडिकल ऑपरेशनऐवजी साधी पिशवी काढली तरी तीन वर्षांत ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण सारखंच राहतं, अडीच टक्क्यांच्या आसपास. लघवीचे त्रासही कमी. पण तुमची गाठ 2.6ची. ही सवलत तुम्हाला लागू नाही.

नणंदेचं उदाहरण घरात सगळ्यात जास्त वजनाचं ठरत असणार, म्हणून तेही निकाली काढू. त्यांचा कॅन्सर बहुधा पिशवीच्या आतल्या अस्तराचा असेल. तो वेगळा आजार. त्यात पिशवी दुर्बिणीतून काढणं सुरक्षित आहे हे अमेरिकेत 2,600च्या वर बायकांवर तपासलं गेलं, पाच वर्षांनी हयात राहण्याचं प्रमाण दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांच्या आसपास आलं. त्यांच्या डॉक्टरांनी योग्य केलं. तुमचे डॉक्टर योग्यच वेगळं सांगतायत. दोघींच्या फाईलवर ‘गर्भाशय’ आणि ‘कॅन्सर’ हेच शब्द असले तरी.

आता चिरेची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नाभीखालून उभी किंवा ओटीपोटावर आडवी चीर येईल, पहिले तीन-चार दिवस खोकतानाही पोटावर उशी दाबून धरावी लागेल. आठवडाभर दवाखाना, लघवीची नळी त्याहूनही थोडे दिवस जास्त, कारण या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या नसा दुखावतात आणि त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. नळी तर दुर्बिणीतून केलं असतं तरी राहिलीच असती. सहा आठवडे पाण्याची घागर, गॅसची टाकी, वह्यांचे गठ्ठे काही उचलायचं नाही. ह्यूस्टनवाल्यांच्या त्या चाचणीतल्या बायकांना सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा जगण्याच्या दर्जात दोन गटांमध्ये फरक सापडला नाही. म्हणजे भोकांचा फायदा पहिल्या काही दिवसांचा. तेवढ्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. रुग्णालय त्या योजनेत आहे का ते आधी पाहा आणि तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार घेऊन भेटा.

चिरेच्या लांबीपेक्षा ऑपरेशन कोण करतंय याचा घोर जास्त लावून घ्या. नेहमीच्या डिलिव्हरी आणि सिझेरियन करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं हे काम नव्हे, कितीही घरोबा असला तरी. कॅन्सरचीच ऑपरेशनं करणारा सर्जन हवा. त्याला सरळ विचारा, वर्षाला अशी किती करता? तुमची केस रेडिएशनच्या आणि पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांसोबत बसून, म्हणजे ट्यूमर बोर्डात, चर्चेला गेली का? बायोप्सीचा नुसता कागद पुरत नाही, मूळ स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. ते तुमचेच आहेत, लॅब सही घेऊन देते. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पुन्हा वाचून घेतले तर बरं. दुसरा सल्ला घ्यायला मुंबईला टाटाला जाणं जमलं तर उत्तम. या सगळ्यात दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. दोन-तीन महिने मात्र घालवू नका, तेवढे तुमचे आधीच गेलेत.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहू देऊ नका: ऑपरेशननंतर मला लाईट, म्हणजे रेडिएशन, लागण्याची शक्यता किती? कारण या स्टेजला केवळ रेडिएशननेही ऑपरेशनइतकाच गुण येतो, हे इटलीतल्या एका चाचणीने 1997 सालीच दाखवलंय. आधी मोठं ऑपरेशन आणि वर लाईट, अशी दोन्ही ओझी अंगावर आली तर पायाला सूज, आतड्याचे आणि लघवीचे त्रास वाढतात. ग्रंथींमध्ये किंवा बाजूच्या भागात आजार असल्याची शंका असेल तर आधीच रेडिएशनचा रस्ता धरलेला बरा. तुमच्या वयाला ऑपरेशनचा फायदा असा की अंडाशयं बहुधा ठेवता येतात. स्क्वॅमस प्रकारात ती ठेवण्याची पद्धत आहे, तुमच्या सर्जनना आठवण करून द्या, म्हणजे एका झटक्यात पाळी गेल्यासारखे घाम, चिडचिड सुरू होणार नाहीत.

कुणी म्हणालं, आधी केमो देऊन गाठ लहान करू, मग भोकातून काढू, तर नको म्हणा. मोठ्या गाठींमध्ये आधी केमो आणि मग ऑपरेशन हा मार्ग टाटा रुग्णालयाने 633 बायकांवर तपासला, आणि रेडिएशनसोबत केमो देण्यापेक्षा तो कमी पडला. पाच वर्षांनी आजारमुक्त 69.3 विरुद्ध 76.7 टक्के.

संसाराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती लिहिलीत हे चांगलं केलंत. योनीमार्ग थोडा आखूड होतो. सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी आतला टाका भरलाय असं तपासून सांगितलं की संबंध ठेवता येतात. सुरुवातीला कोरडेपणा आणि धास्ती असते, त्यासाठी जेल मिळतं. मिस्टरांना त्या तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर बोलू द्या, घरी समजावत बसण्यापेक्षा ते सोपं. संबंधातून कॅन्सर त्यांना लागत नाही. आणि हा आजार ज्या एचपीव्ही विषाणूने होतो तो आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना शिवून जातो, तेव्हा कुणामुळे झाला या चौकशीत दोघांनीही पडू नये.

मुलीला हा आजार वारशाने येत नाही. तिला एचपीव्हीची लस द्या. 9 ते 14 वयात दोन डोस पुरतात, ती 17ची आहे म्हणून तीन लागतील, सहा महिन्यांत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आली आहे, ती परदेशी लशींपेक्षा स्वस्त पडते. पहिला डोस बोर्डाच्या परीक्षेनंतर घेतला तरी चालेल. तिशी उलटलेल्या तुमच्या बहिणी, जावा, शाळेतल्या मैत्रिणी, यांना मात्र तुमचं ऑपरेशन होईपर्यंतही थांबवू नका. धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाच्या वर बायकांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तपासणीला दहा मिनिटं लागतात, दुखत नाही.

रिपोर्टमध्ये मी धरून चालले त्याहून काही वेगळं असेल, विशेषतः ग्रंथींबद्दल, तर एमआरआयचा पूर्ण कागद पाठवा. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला की तोही पाठवा. लाईट लागणार की नाही हे त्याच कागदावर ठरेल, आणि तो साधारण दोन आठवड्यांत येतो.